परस्पर दिलेलं उत्तर

‘हो. होतं मला तसं.’

आवाज तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. रोज कामावर वापरायचा, मधल्या पट्टीतला, ना आपुलकीचा ना तुटक, धुऊन इस्त्री करून ठेवलेला आवाज. तो खोलीत उमटला, डॉक्टरांच्या कानात शिरला आणि डॉक्टरांची दोन बोटं की-बोर्डवर टकटक करायला लागली. सगळं नेहमीसारखंच झालं. फक्त समोरच्या खुर्चीतल्या मुलीचे हात मांडीवर होते तसेच पडून होते आणि तिचे डोळे मिटलेले होते. मुलगी काहीच बोलली नव्हती.

दुभाषी म्हणून तिला या इस्पितळात लागून दुसरं वर्ष चालू होतं. ऐकू न येणाऱ्या माणसांचे हात बघायचे आणि तोंडाने बोलायचं, ऐकू येणाऱ्यांचं ऐकायचं आणि हातांनी बोलायचं, असं काम. वय बावीस, पण वॉर्डातली माणसं तिला ‘दुभाषीबाई’ म्हणत आणि तिलाही आता त्याचं हसू येईनासं झालं होतं. कपडे गडद आणि एकरंगी घालायचे, म्हणजे हात उठून दिसतात. अंगठी नाही, बांगडी नाही, नखांना रंग नाही. डॉक्टरांच्या बाजूला, किंचित मागे बसायचं, म्हणजे समोरच्याला दोघंही एका नजरेत मावतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरचा जे म्हणेल ते त्याचंच म्हणून बोलायचं. त्याचं पोट दुखत असेल तर ‘त्यांचं पोट दुखतंय’ नाही, सरळ ‘माझं पोट दुखतंय’. एका सकाळी ती सातव्या महिन्याची पोटुशी असायची, जेवणाच्या सुट्टीआधी गुडघे गेलेला टॅक्सीवाला आणि दुपारी दातांची कवळी हरवलेले आजोबा. स्वतः काही विचारायची वेळ आलीच, प्रश्न नीट ऐकू आला नाही म्हणून वगैरे, तर म्हणायचं, ‘दुभाषी विचारते आहे की’. म्हणजे स्वतःबद्दलही परक्यासारखंच बोलायचं. हे तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा दुकानात पाव घेताना ती पाववाल्याला म्हणाली होती, ‘दुभाषीला सुटे नाहीत.’ पाववाल्याने मागे वळून बघितलं होतं, अजून कोण आहे म्हणून.

तर आत्ता डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘कधी असं वाटतं का, की आपण आपल्यात नाही आहोत? स्वतःलाच जरा लांबून बघतोय? किंवा आजूबाजूचं सगळं खरं नाहीच?’ हा प्रश्न हातांनी विचारायला तसा सोपा. ती विचारत होती, आणि मधेच मुलीने डोळे मिटून घेतले. दुभाषीचे हात त्या मिटलेल्या पापण्यांपुढे राहिलेला प्रश्न विचारून मोकळे झाले आणि थांबले. अशा वेळी काय म्हणायचं ते ठरलेलं होतं: ‘दुभाषी सांगते आहे की मुलीने डोळे मिटले आहेत.’ वाक्य तोंडाशी तयार होतं. डॉक्टर कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर न काढता ‘हं?’ म्हणाले, आणि त्या वाक्याला बाजूला सारून हे दुसरंच बाहेर पडलं. ‘पेशंटकडे बघून बोला’ असं ती प्रत्येक डॉक्टरला सुरुवातीलाच सांगायची. ते मान डोलवायचे आणि पडद्याकडे बघून बोलायचे. ‘कधीपासून?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘बरेच महिने झाले,’ तो आवाज म्हणाला. ‘म्हणजे होतं काय नेमकं?’ ‘हात माझे वाटत नाहीत. ते आपले काम करत असतात आणि मी बघत असते. चुकत काहीच नाही. म्हणून कुणाला कळत नाही.’ टकटक थांबली. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला आणि पहिल्यांदाच खुर्ची वळवून ते मुलीकडे वळले. तेवढ्यात तिने डोळे उघडले होते. ‘हे सांगितलंस ते फार बरं केलंस,’ ते म्हणाले. ‘तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलामुलींना होतं हे. वेड लागलंय असं नाही हं. भीती वाटते, साहजिक आहे. पण यातून नीट बाहेर पडता येतं. एकटीने पडायचं मात्र नाही.’

हे तिने हातांनी मुलीला सांगायला हवं होतं. डॉक्टर थांबले होते, मुलगी तिच्या हातांकडे बघत होती. तिने हात उचलले आणि ‘डॉक्टर लिहून घेतायत’ एवढंच सांगितलं. बाकीचं सगळं तिने ठेवून घेतलं. आजवर तिने कुणाचा एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. लोकांच्या शिव्या पोचवल्या होत्या, कर्करोगाचे रिपोर्ट पोचवले होते. आणि आज ही चार चांगली वाक्यं तिने सरळ ढापली. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण त्या लाजेच्या आधी, अगदी पहिल्यांदा जे वाटलं ते असं होतं की कुणीतरी पाठीवर हात ठेवला. खूप दिवसांनी पाठ आहे हे तिला कळलं.

खूप दिवस म्हणजे नक्की कधीपासून, हे तिला सांगता आलं नसतं. सुरुवात घरात झाली होती, साधी भांडी विसळताना. नळाचं पाणी चटका बसेल इतकं गरम झालं होतं, हात लाल झाले होते, आणि ती बघत होती, की अरे, हे हात भाजतायत. भाजतायत हे दिसत होतं, कळत होतं, फक्त ते तिच्यापर्यंत येत नव्हतं. मागून आई आली, तिने नळ बंद केला, तिचे हात धरले आणि हातवारे करून ओरडली. आईलाही ऐकू येत नव्हतं, आई ओरडायची ती हातांनी. तेव्हा तिने आईच्या तोंडाकडे बघितलं. प्रत्येक सुरकुती पाठ होती, हनुवटीवरची जखमेची खूण पाठ होती, आणि तरी तिला स्वतःला समजवावं लागलं, की ही आई आहे, हिला आई म्हणायचं. त्यानंतर ते कधीही यायला लागलं. जिना उतरताना भिंती जत्रेतल्या पडद्यासारख्या सपाट व्हायच्या. मैत्रीण काहीतरी सांगत असायची आणि ती योग्य जागी ‘काय सांगतेस!’ म्हणायची, आणि म्हणणारी ती नसायची. तिने उपायही करून बघितले. चिमटे काढले, तिखट गोळ्या चघळल्या, बर्फ हातात धरला. एकदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे सगळं लिहून शोधलं, आणि जे आलं ते वाचायच्या आत कुणाची तरी चाहूल लागली म्हणून बंद करून टाकलं. गंमत अशी, की कामात मात्र ती या दिवसांत अशी काही चोख झाली होती की विचारता सोय नाही. स्वतःची अडगळच नाही म्हटल्यावर शब्द इकडून तिकडे सुळसुळत जायचे. तिच्या वरिष्ठ बाई एका बैठकीनंतर सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘हिचं काम बघा. ही खोलीत आहे हे कळतसुद्धा नाही.’ त्यांच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. कुणाला सांगणार होती ती? आईला सांगायचं तर याच हातांनी सांगावं लागलं असतं. ऑफिसात सांगायचं तर डोकं ठिकाणावर नसलेली दुभाषी कोण ठेवून घेईल? घर तिच्या पगारावर चाललं होतं. आणि खरं म्हणजे तिला शब्दच फुटत नव्हते. दुसऱ्यांचं बोलून बोलून तिची जीभ तयार झाली होती, पण स्वतःचं सांगायला बसली की मधेच वाटायचं, पुढचं वाक्य कोण देणार?

पण हे भांडी विसळताना सुरू झालं म्हणणंही पूर्ण खरं नव्हतं. एकदा आधी झालं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि असल्याच एका इस्पितळात, असल्याच हिरवट भिंतींच्या खोलीत, तिच्या बाबांच्या पलंगाशी उभी होती. बाबांनाही ऐकू यायचं नाही. घरात ऐकणारी ती एकटी. बँकेत, वीज कचेरीत, घरमालकाशी, सगळीकडे मधे ती. लोक तिचं कौतुक करायचे, ‘एवढीशी पोर, पण किती शहाणी!’ त्या दिवशीच्या डॉक्टरांना दुसरं कुणी मिळालं नाही. ते खाली वाकले आणि तिला म्हणाले, ‘बाळ, आईला सांग, आता फार दिवस नाहीत.’ तिने आईकडे बघितलं आणि सांगितलं. हात लहान होते, पण खुणा स्पष्ट होत्या. आईने काहीतरी विचारलं. आणि तिने डॉक्टरांकडे वळून, नीट उभं राहून, शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात विचारलं, ‘माझ्या नवऱ्याला फार त्रास होईल का?’ कुणी हसलं नाही. एक नर्स तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली. नेमकं तेव्हाच ती वर गेली होती, खिडकीच्या वरच्या चौकटीपाशी कुठेतरी. तिथून तिला दिसत होती फ्रॉकमधली एक मुलगी, झपाझप हात हलवणारी, आणि त्या मुलीचं तिला वाईटही वाटत नव्हतं. रडायचं राहून गेलं. आधी आई रडत होती, मग पाहुणे आले, त्यांचं सगळं इकडून तिकडे करायचं होतं. मग शाळा सुरू झाली. एका मुलीचे बाबा वारले, ही गोष्ट तिने आजवर कितीतरी जणांना सांगितली होती, पण प्रत्येक वेळी ती कुणाची तरी सांगितलेली होती. त्या मुलीला कुणीतरी तेव्हा बाजूला घ्यायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, कारण पोर शहाणी होती.

‘मावशींना बोलवा आत,’ डॉक्टर म्हणाले, आणि ती खोलीत परत आली.

मावशी म्हणजे मुलीची मावशी. सतरा वर्षांची ही मुलगी शिक्षणासाठी तिच्याकडे राहत होती. आल्या आल्याच मावशीने सांगितलं होतं, की वर्गात ही मधेच डोळे मिटून बसते, खांदा हलवला तरी उघडत नाही, जेवताना ताटावर तेच, परवा तर भर रस्त्यात तेच. शाळेने चिठ्ठी दिली, तपासून आणा. आता ती पर्स पोटाशी धरून खुर्चीच्या कडेवर बसली आणि डॉक्टर तिला समजावायला लागले. मुलगी बोलली आहे, ते म्हणाले, आणि ती जे बोलली ते ऐकून त्यांना असं वाटतं की काही दिवस तिला इथे ठेवून घ्यावं. शाळा काही काळ बंद. मेंदूचा आलेख काढू, औषध सुरू करू, एकटं सोडायला नको. मावशीचा चेहरा उतरला. ‘एवढं आहे का हो? आमची पोर तशी धड आहे. परीक्षा तोंडावर आलीय तिची.’ हे सगळं हात मुलीला सांगत होते, एकही शब्द न गाळता. मुलीच्या कपाळाला आठी पडली.

‘का?’ ती हातांनी म्हणाली. ‘मी काय केलं?’

‘का? मी काय केलं?’ दुभाषीच्या तोंडाने खोलीला विचारलं.

‘तू मघाशी सांगितलंस ना,’ डॉक्टर अगदी मायेने म्हणाले. ‘हात तुझे वाटत नाहीत म्हणालीस.’

मुलीने आपल्या हातांकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, मग तिच्याकडे. ‘असं मी कधी म्हटलं? मी काहीच म्हटलं नाही.’

तेही तिने बोलून दाखवलं, जसंच्या तसं. आवाज हलला नाही. आता आपण पकडले गेलो, तिला वाटलं, आणि त्यात थोडं सुटल्यासारखंही वाटलं. डॉक्टरांनी मावशीकडे बघून मान हलवली, त्यांना हवं ते मिळाल्यासारखी. ‘बघा. हेच म्हणतो मी. बोललेलं आठवत नाही. असं होतं यात.’ आणि ते पुन्हा की-बोर्डकडे वळले.

म्हणजे ती सुटली होती. कुणी तिला विचारणार नव्हतं. मुलगी जेवढी नाही म्हणेल तेवढं ते पक्कं होत जाणार होतं. हात आपटून, रडून, पाय झाडून सांगेल, तेही लिहिलं जाईल. आणि ते सगळं तिनेच, याच आवाजात, एकही शब्द न गाळता बोलून दाखवायचं होतं. उद्या मुलगी वॉर्डातल्या कुठल्याशा पलंगावर बसलेली असेल, आजूबाजूला ओठ हलवणारी माणसं, तिच्याशी बोलू शकेल असं कुणी नाही, आणि तिला न झालेल्या दुखण्याच्या गोळ्या. आणि ती स्वतः? ती असेल तळमजल्यावर, गडद शर्ट घालून, कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल बोलत. कुणाला कळणारही नाही की ती खोलीत आहे. भिंती सपाट व्हायला लागल्या. ती वरच्या चौकटीकडे सरकत चालली, आणि तिथून तिला खुर्चीतली मुलगी दिसली, गोंधळलेली, एवढ्या मोठ्या माणसांत मान वर करून एकाकडून दुसऱ्याकडे बघणारी. या वेळी मात्र तिला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की वर राहणं जमेना.

‘दुभाषीला काही सांगायचं आहे,’ ती म्हणाली.

‘बोला,’ डॉक्टर टाइप करत म्हणाले.

‘डॉक्टर, जरा इकडे बघा.’ हे तिने कधीच कुणाला म्हटलं नव्हतं. टकटक थांबली. ‘मघाचं उत्तर या मुलीचं नव्हतं. तिचे डोळे मिटलेले होते, तुमचा प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही. ते मी परस्पर बोलले.’ बोलत होती तसे तिचे हातही चालले होते, कारण खोलीत बोललं जाईल ते मुलीला कळलंच पाहिजे, आणि मुलगी डोळे मोठे करून बघत होती.

‘म्हणजे तुम्ही अंदाजाने सांगितलंत? तिला असं होत असेल म्हणून?’

‘अंदाज नाही. मला होतं तसं. ती सगळी उत्तरं माझी आहेत.’

मावशीला कंठ फुटला. ‘अहो, काय चाललंय काय हे? तुमचं दुखणं आमच्या पोरीच्या गळ्यात? तिला इथे डांबून ठेवायला निघाला होतात तुम्ही! शाळा बंद! काही जनाची नाही तर मनाची?’ ती बोलत राहिली आणि दुभाषीचे हात ते सगळं मुलीला सांगत राहिले, स्वतःला पडणाऱ्या शिव्या, चोख. शिव्यांतही गाळागाळ करायची नसते. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते बरेच थकलेले दिसत होते. ‘मी पडद्याकडेच बघत होतो,’ ते स्वतःशी म्हटल्यासारखं म्हणाले. मग तिला म्हणाले, ‘तुमच्या ऑफिसला हे मला कळवावं लागेल. समजतंय ना तुम्हाला? आणि आज दुसऱ्या कुणाला तरी बोलवू.’

मुलीने टेबलावर तळहात आपटला. सगळ्यांनी बघितलं. ‘दुसरी नको,’ ती म्हणाली. ‘मागच्या वेळी इथे दुभाषीची तारीख मिळायला सगळी सुट्टी गेली. हिलाच राहू दे. आता ही खोटं बोलायची नाही.’

शेवटचं वाक्य तोंडाने म्हणताना दुभाषीची जीभ अडखळली, पण तिने ते म्हटलं. डॉक्टरांच्या मिशीत हसू आल्यासारखं झालं. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा बाजूला सरकवला, खुर्ची पुढे घेतली आणि मुलीच्या डोळ्यांत बघून सगळा प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारला. मुलीने मन लावून बघितलं आणि मान हलवली. नाही. तसलं काही नाही. ती ती आहे, हात तिचेच आहेत, सगळं खरं आहे, जरा जास्तच खरं आहे. ‘घरी जेवताना सगळे हसतात,’ ती सांगायला लागली. ‘मी विचारते काय झालं. मावशी म्हणते, नंतर सांगते. काका म्हणतो, काही नाही गं. वर्गातही तेच, नंतर सांगते. नंतर कुणीच सांगत नाही. दिवसभर ओठांकडे बघून बघून डोळे दुखतात. मग मी मिटून घेते. तुम्ही कंटाळलात की दार लावून बसता ना, मला दार एवढंच आहे. पण त्याला तुम्ही आजार म्हणता.’ एवढं एका दमात बोलायची तिला सवय नसावी. तिला धाप लागली. जुन्या शाळेत सगळे हातांनी बोलायचे, ती म्हणाली, आणि मग तिचे हात खाली आले.

‘मी म्हणते खरी,’ मावशी पर्सशी बोलल्यासारखं म्हणाली. ‘नंतर सांगते म्हणते. घाईत असतं हो सगळं.’ दुभाषीने तेही मुलीला सांगितलं. मुलीने मावशीकडे बघितलं, रागाने नाही, पण सोडूनही दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, इथे ठेवायची गरज नाही, शाळेला ते स्वतः पत्र देतील, आणि मावशींनी, काकांनी ही भाषा शिकायला किती दिवस लागतात ते आपण बघू. एकटेपणाही अंगावर काढायचा नसतो, ते म्हणाले, त्यासाठी मुलीने महिन्यातून एकदा येऊन त्यांच्याशी बोलावं. मावशी मान हलवत होती. काम संपल्यासारखं झालं होतं. दुभाषी उठून उभी राहिली. आता खाली जायचं, वरिष्ठ बाईंना तोंड दाखवायचं, संध्याकाळी आईला काय सांगायचं ते ठरवायचं.

मुलीने हात हलवून तिला थांबवलं. ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, मावशीकडेही नाही. तिने काहीतरी विचारलं, अगदी थोडक्यात.

‘ती विचारते आहे,’ दुभाषी सवयीने बोलायला लागली आणि अडली.

‘काय विचारते आहे?’ डॉक्टर म्हणाले.

‘विचारते आहे, की तुला भीती वाटते का.’

‘मग सांगा ना तिला,’ मावशी म्हणाली. राग पुरता गेला नव्हता, पण आवाज खाली आला होता.

तिने हात उचलले. मुलीला तिने सांगितलं, आणि मुलीने ते ओळखून मान हलवली. डॉक्टर आणि मावशी तिच्या तोंडाकडे बघत होते, त्यांना काही कळलं नव्हतं. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘फार वाटते हो मला.’ आणि बोलता बोलता ती रडायला लागली.